म्युझियममधल्या थापा

माझ्या सासुरवाडीचे सगळे लोक थापाडे आहेत. हे मी रागाने म्हणत नाही, ते स्वतःच चारचौघांत अभिमानाने सांगतात. माझ्यासारख्या माणसाने अशा घरात लग्न करावं, हा नशिबाने माझ्यावर केलेला विनोद आहे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. दुकान जळालं, गोदामात पाणी शिरलं, घर फुटलं, की लोक भरपाई मागतात आणि कंपनी मला पाठवते. जळालं ते खरंच जळालं का, आणि जेवढं जळालं तेवढंच सांगतायत का, हे मी बघायचं. या कामाने माणूस संशयी होतो असं माझी बायको म्हणते. मी तिला सांगतो, की माणूस आधी संशयी असावा लागतो, तरच त्याला हे काम जमतं.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. खोटं बोलणारा कधी कमी सांगत नाही, तो जास्तच सांगतो. एका कापडदुकानदाराने सांगितलं, की आगीत त्याचे डझनभर पंखे गेले. मी मान वर करून बघितलं, तर छताला हूक होते चार. खेळ खलास. तेव्हापासून मी कुठेही गेलो तरी जास्तीचं काय आहे ते आधी शोधतो. जास्तीची वस्तू, जास्तीचा शब्द, जास्तीचं हसू. या पद्धतीने मला आजवर कधी दगा दिला नव्हता.

यंदा उन्हाळ्यात सासुरवाडीला निघालो तेव्हा माझी खात्री झालेली होती, की बायको माझ्यापासून काहीतरी लपवतेय. सरळ सांगायचं तर मला भीती वाटत होती. कुणीतरी दुसरा आहे आणि ही आपल्याला सोडून जाणार, अशी भीती. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि ती घरात नसली की मला भिंती खायला उठतात. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. अशी गोष्ट समोरच्याला कळली की तो तिचा फायदा घेतो, हे मी धंद्यात पुष्कळ पाहिलंय. तेव्हा परत यायच्या आत छडा लावायचाच, असं मी ठरवून टाकलं.

पुरावे होते. थोरल्या बहिणीशी फोनवर बोलताना ती गॅलरीत जायची आणि दार ओढून घ्यायची. भांडी विसळताना गुणगुणायची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कित्येक महिन्यांत ती माझ्याशी भांडलीच नव्हती. पूर्वी मी कामावरून आल्यावर टीव्हीच्या पाठीला हात लावून बघितलं, कितपत तापलाय ते, की ती चिडायची. तिच्या स्कूटरचे किलोमीटर वाचले की भांडी आपटायची. तिच्या चपला उलट्या करून तळाला कुठली माती लागलीय हे बघितलं, तर दोन-दोन दिवस अबोला धरायची. हल्ली मी हे सगळं करायचो आणि ती शांतपणे चहाचं आधण ठेवायची. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिचं कपाट मी नेमाने बघत होतो. नवा कपडा नाही, नवं अत्तर नाही, कुणी दिलेली वाटेल अशी एक वस्तू नाही. उलट कपाट हल्ली छान मोकळं आणि नीट लावलेलं असायचं. जास्तीचं म्हणून काही सापडलं नाही. याचा अर्थ एवढाच, की जे काही होतं ते ती दुसरीकडे ठेवत होती.

सासऱ्यांची बेकरी आहे. ऐन उन्हाळ्यात भट्टीसमोर उभं राहवत नाही, म्हणून ते आठवडाभर बेकरी बंद ठेवतात आणि त्या आठवड्यात दोन्ही लेकी आपापल्या नवऱ्यांना घेऊन येतात. घराच्या भिंती भट्टीला लागून, त्यामुळे बेकरी बंद असली तरी घर तापतंच. मग सगळं खटलं निघतं ते गावच्या म्युझियममध्ये. ते पूर्वी धान्याचं कोठार होतं. भिंती हातभर जाड, खिडक्या उंचावर आणि आत बाराही महिने गारवा. गावाच्या इतिहासाबद्दल या कुटुंबाला फार जिव्हाळा आहे असं मला सुरुवातीला वाटलं होतं. पहिल्याच वर्षी सासूबाई पायांतल्या चपला काढून थंड फरशीवर पाय टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "हाच आमचा इतिहास."

तिथल्या वस्तू लोकांनी घरातून आणून दिलेल्या. दात काढायची खुर्ची, पोस्टमनची सायकल, आगीच्या बंबाची घंटा, पेंढा भरलेला एक कोल्हा, त्याचा एक कान उंदरांनी खाल्लेला. पण प्रत्येक वस्तूखालची पाटी अशी कंजूष, की जणू शब्दांना पैसे पडतात. 'सायकल. जुनी.' 'खुर्ची. दंतवैद्याची.' बस्स. माझी बायको लहान असताना तिने विचारलं, की बाबा, या खुर्चीवर कोण बसायचं? सासऱ्यांना काय ठाऊक? त्यांनी ठोकून दिलं. तेव्हापासून या घरात तो खेळ सुरू झाला, आणि दर उन्हाळ्यात तो झाल्याशिवाय हे लोक म्युझियमच्या पायऱ्या उतरत नाहीत.

खेळ असा. एकाने एका वस्तूसमोर उभं राहून तिची गोष्ट सांगायची. गोष्ट खरी असेल किंवा थाप असेल. सांगणाऱ्यानेच एक परीक्षक निवडायचा. परीक्षकाने तीन प्रश्न विचारायचे आणि मग निकाल द्यायचा, खरं की थाप. त्यानंतर सांगणाऱ्याने प्रामाणिकपणे कबूल करायचं. तेवढ्यापुरतं मात्र खोटं चालत नाही. परीक्षकाचा निकाल बरोबर आला तर पुढचा डाव त्याचा.

मला आजवर एकदाही डाव मिळाला नव्हता. धंद्याने दावे तपासणारा माणूस, आणि या लोकांपुढे माझी दरवर्षी फजिती. एकदा सासूबाई त्या सायकलपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "या सायकलवाल्याने मला मागणी घातली होती. मी नाही म्हटलं, कारण तो शिट्टी फार वाजवायचा." मी तीन प्रश्न विचारले आणि छातीठोकपणे म्हणालो, "थाप!" ते खरं निघालं. सासऱ्यांनासुद्धा ते तेव्हाच कळलं. साडू तर हसून हसून खुर्चीवरून घसरले.

साडू म्हणजे ताईंचे, हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. त्यांची मुलगी आमच्या घरात वकीलबाई म्हणून ओळखली जाते, कारण खेळाचा प्रत्येक नियम तिला तोंडपाठ आणि प्रत्येक नियमावर तिची हरकत. एवढेच आम्ही.

यंदा पहिल्या दिवशी म्युझियमला गेलो तेव्हा मी खेळात मुद्दाम लक्ष घातलं नाही. माझं लक्ष बायकोवर होतं. दारातच तिकिटं फाडायला तो बसला होता. तिथला व्यवस्थापक म्हणा, राखणदार म्हणा, सगळं तोच. हिच्या शाळेतला. उंच, किडकिडीत आणि पांढराफटक, म्हणून शाळेपासून सगळे त्याला खडू म्हणतात. दरवर्षी तो आम्हाला बघून हात हलवतो आणि पुन्हा पेपरात डोकं घालतो. यंदा तो उठून उभा राहिला. हिला म्हणाला, "झालं का सगळं?" ही म्हणाली, "होतंय." तेवढ्यात मी जवळ गेलो आणि दोघंही गप्प झाली.

मी खडा टाकून बघितला. म्हटलं, "काय व्हायचंय?"

"बाबांच्या भट्टीचं काम," ही म्हणाली. "विटा बदलायच्यात."

हे चटकन आलं. फार चटकन. भट्टीच्या विटांचं या खडूला काय पडलंय? शिवाय मी संध्याकाळी बोलता बोलता सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "विटा? अहो जावईबापू, अजून दहा वर्षं हलत नाहीत त्या." मी मूग गिळून बसलो. पण आता मला नाव मिळालं होतं. खडू. मी रात्रभर त्याचे ते लांब हात डोळ्यांसमोर आणत होतो.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ताई आणि ही बाहेर निघाल्या. शिंप्याकडे जातोय म्हणाल्या. हातात कापड नव्हतं. आल्या तेव्हाही कापड नव्हतं, पण हिच्या कोपराला पांढरा रंग लागला होता. मी साडूंना गाठलं. ते आपल्या चष्म्याच्या काचा पुसत बसले होते. मी म्हटलं, "या दोघी काय करतायत?" ते म्हणाले, "बायका आहेत, चालायचंच." मी म्हटलं, "तुम्हाला माहितेय." त्यांनी काचा डोळ्यांसमोर धरल्या, पुन्हा पुसायला घेतल्या आणि ताकास तूर म्हणून लागू दिली नाही. चष्मेवाला माणूस नजरेला नजर देईना, म्हणजे काय समजायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्लेड आणायच्या निमित्ताने मी दोन गल्ल्या पलीकडे शिंप्याचं दुकान शोधून काढलं. खाली दुकान, बाजूने अरुंद जिना आणि वर एक खोली. खिडकी सताड उघडी. ताज्या रंगाचा वास खालपर्यंत येत होता. मी शिंप्याला विचारलं, "वर कोण राहतं?" त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने त्या एकेक करून काढून हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "मला शिवणातलं विचारा." मला अशी उत्तरं कळतात. त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

जिना चढायची माझी हिंमत झाली नाही. जळून खाक झालेल्या गोदामांत मी एकटा शिरलोय, छत डोक्यावर येईल याची पर्वा केली नाही, पण त्या लाकडी जिन्याची पहिली पायरी मला चढवेना. वर काय सापडेल हे मला माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. त्या दोघांसाठी घेतलेली खोली. मी ब्लेड न घेताच परत आलो.

त्या दुपारी पुन्हा म्युझियम. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आत मात्र तोच गारवा, तोच जुन्या लाकडाचा वास. खडूने तिकिटं फाडली. तो हिच्याशी बोलला नाही, माझ्याशीही नाही. म्हणजे आता सावध झाला होता. मी त्याच्या बुटांकडे बघितलं, रंगाचा डाग दिसतोय का. बूट पुसलेले होते.

खेळ रंगात आला. सासऱ्यांनी बंबाच्या घंटेची गोष्ट सांगितली, साडूंनी ती थाप म्हणून ओळखली. साडूंनी त्या कानतुटक्या कोल्ह्याला आपलं जुनं गिऱ्हाईक करून टाकलं, त्याला जवळचं दिसायचं नाही म्हणे. तिथे निकालाची गरजच पडली नाही, पण डाव माझ्या बायकोकडे गेला, कारण परीक्षक ती होती.

ती उठली. सगळ्यांना वाटलं, ती तिच्या आवडत्या खुर्चीकडे जाईल. ती गेली कोपऱ्यातल्या पेटीकडे. 'पेटी. लोखंडी.' एवढीच पाटी. आजवर त्या पेटीकडे कोणी बघितलंही नव्हतं. ती पेटीशेजारी उभी राहिली, कडीला हात लावला आणि म्हणाली, "परीक्षक म्हणून मी यांना निवडते." आणि माझ्याकडे बोट केलं.

"ऑब्जेक्शन!" वकीलबाई ओरडली. "नवरा-बायको एकमेकांना निवडत नाहीत!"

"तसा नियम नाहीये," सासरे म्हणाले. "आजवर कोणी निवडलं नाही, एवढंच. एकमेकांना आतून-बाहेरून ओळखणाऱ्यांत कसली आलीय मजा? पण निवडू दे तिला."

ताई खाली फरशीकडे बघत होत्या. मी ते टिपलं.

"एक बाई होती," माझ्या बायकोने सुरुवात केली. आवाज नेहमीचाच, थापा मारतानाचा, जरा सुरात. "तिचा नवरा भला माणूस होता. दारू नाही, मारहाण नाही, कमाई घरात. फक्त त्याला एक खोड होती. तो सगळं तपासायचा. संध्याकाळी घरी आला की आधी कंदिलाच्या काचेला हात लावून बघायचा, काच गरम आहे का, म्हणजे बायको दिवसाउजेडी कंदील लावून कुणाची वाट बघत होती का."

वकीलबाई खिदळली. "दिवसा कंदील कशाला लावेल कुणी?"

"तेच तर ना! मग बैलगाडीची चाकं बघायचा. चाकाला चुन्याने खूण करून ठेवायचा, किती फिरलं ते कळावं म्हणून."

आता साडूही हसायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "मेल्याला दुसरं काम नव्हतं वाटतं."

"आणि तिच्या चपला उलट्या करून वास घ्यायचा. नदीकडची माती आहे की बाजाराकडची?"

ताई सोडून सगळे पोट धरून हसत होते. वकीलबाई उठून नाक वर करून चपलेचा वास घ्यायची नक्कल करायला लागली. मीही हसलो. काय करणार? त्या खोलीत त्या नवऱ्याला ओळखणारा मी एकटाच होतो, असं मला वाटलं. माझे कान इतके तापले होते, की कुणी हात लावला असता तर चटका बसला असता.

"सुरुवातीला ती रागवायची," बायको म्हणाली. तिचा सूर आता जरा खाली आला होता. "रागवायची, कारण तिला वाटायचं, समजावलं की त्याला कळेल. मग तिच्या लक्षात आलं, की ती जेवढं समजावते तेवढं तो जास्त तपासतो. एके दिवशी ती शेजारणीशी बोलताना हसली आणि हसता हसता थांबली. हे हसू आता कुठे कुठे तपासलं जाईल, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशी ती घाबरली. नवऱ्याला नाही, स्वतःला. कारण त्याच्या आधी तीच आता स्वतःला तपासायला लागली होती. मग तिने भांडणं बंद केली, ही पेटी घेतली आणि घर सोडलं. झाली गोष्ट."

मग सासरे म्हणाले, "वा! यंदा वजनदार थाप आणलीस. चला जावईबापू, विचारा."

मी उभा राहिलो. काय झालंय हे मला कळलं होतं आणि तरीही मला ते पुरतं कळू द्यायचं नव्हतं. प्रश्न विचारायची मला सवय आहे. ती सवय अशा वेळी माणसाला उभं धरते.

"ती गेली कुठे?"

"लांब नाही. माहेरच्या गावात. शिंप्याच्या दुकानावर एक खोली होती, ती तिने घेतली. भिंती काळ्या पडल्या होत्या, तिने आणि तिच्या बहिणीने मिळून रंगवल्या. तिला तिथे कामही मिळालं, जुन्या वस्तू पुसून-झाडून मांडायचं. शाळेतल्या एका मित्राने शब्द टाकला होता."

मित्राने. दुसरा प्रश्न मी ठरवलाच नाही, तो आपोआप बाहेर पडला.

"त्या खोलीत आणखी कोण होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. एखाद्याने नेहमीच्या जागी नेहमीची वस्तू ठेवलेली बघावी, तसं तिने बघितलं.

"कुणी नव्हतं," ती म्हणाली. "एक पलंग, एक खिडकी आणि ती. पण हाच प्रश्न तो विचारणार, हे तिला ठाऊक होतं."

"शेवटचा!" वकीलबाई म्हणाली. "नीट विचार करून विचारा काका. तुम्ही दरवर्षी वाया घालवता."

मला विचारायचं होतं, ती परत येईल का. हा प्रश्न माझ्या जिभेवर होता, शपथेवर सांगतो. पण तोंडातून निघालं ते असं.

"पुरावा काय? ती गेली याला पुरावा काय?"

साडूंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. बायको पेटीकडे बघत म्हणाली, "पुरावा रोज त्याच्या समोर होता. ती एका दिवसात गेली नाही. महिनोन् महिने थोडं थोडं बहिणीकडे पोचवत होती. आज चादर, उद्या पुस्तकं, परवा थंडीचे कपडे. तो रोज तिचं कपाट उघडायचा. पण तो जास्तीचं काय आलंय ते शोधायचा. कमी काय झालंय हे त्याने एकदाही बघितलं नाही."

माझ्या डोळ्यांसमोर ते कपाट आलं. छान मोकळं, नीट लावलेलं. तिची पांघरुणाची चादर शेवटची कधी बघितली, हे मला आठवेना. मी लोकांच्या जळक्या दुकानांत राखेतून खिळे वेचतो, आणि माझ्या घरातून माझी बायको घडीघडीने निघून गेली ते मला दिसलं नाही.

"निकाल!" सासरे म्हणाले.

"खरं," मी म्हणालो.

"खरं? अहो, बैलगाडीला खुणा करणारा नवरा खरा?" सासूबाईंना हसू आवरेना. "आता सांग गं तू, पोपट झाला ना यांचा?"

"पेटीचं मला माहीत नाही," बायको म्हणाली. "बैलगाडीही मीच घातलेली. बाई मात्र खरी आहे."

"अर्धं खरं चालतं का?" वकीलबाईने आजोबांकडे दाद मागितली.

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. "बाई खरी तर गोष्ट खरी," ते म्हणाले. "जावईबापू जिंकले! पहिल्यांदा!"

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी वाजवल्या, वकीलबाईने तर माझा हात धरून मला गरागरा फिरवलं. ताईंनी वाजवल्या नाहीत. साडू माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्या हातावरून मला कळलं की यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं मला या घरात एकदा तरी जिंकायचं होतं. टाळ्यांचा आवाज त्या जाड भिंतींत घुमत होता आणि माझा जीव चालला होता.

"आता डाव तुमचा," वकीलबाई म्हणाली. "वस्तू निवडा."

मी जागचा हललो नाही. "हीच पेटी," म्हणालो.

"एकाच वस्तूच्या दोन गोष्टी?"

"होऊ दे," सासरे म्हणाले. "पहिल्यांदा डाव मिळालाय त्यांना. परीक्षक कोण?"

मी बायकोकडे बोट केलं. ती बाकावर जाऊन बसली. हात मांडीवर ठेवले.

मला थापा मारता येत नाहीत. मी कधी मारल्याच नाहीत, दुसऱ्यांच्या पकडण्यातच आयुष्य गेलं. तरी मी सुरुवात केली. "त्या बाईच्या नवऱ्याने ती खोली शोधून काढली. शिंप्याच्या दुकानाखाली येऊन तो उभा राहिला. जिना चढला नाही. वर दिवा लागला, तो बघितला आणि घरी गेला. घर रिकामं होतं. त्याने कपाट उघडलं नाही. कंदिलाला हात लावला नाही. त्याला ती घरात हवी होती. ती नसली की त्याला जेवण जात नसे. हे त्याने तिला आधी कधी सांगितलं नव्हतं, ते त्याने एका भरल्या खोलीत, सगळ्यांसमोर सांगितलं. आणि म्हणाला, की तुला वाटेल तेव्हा ये. उशिरा ये, लवकर ये. कुठे होतीस हे मी विचारणार नाही. त्या दिवसानंतर त्याने तिला कधीच काही विचारलं नाही. तो फक्त वाट बघत राहिला."

कुणी हसलं नाही. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा लेकीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

बायकोचे डोळे भरून आले होते. ते मी स्पष्ट बघितलं. तिने ते पुसले नाहीत.

"मावशी, विचार ना," वकीलबाई म्हणाली. "तीन प्रश्न आहेत."

"मला काही विचारायचं नाहीये," ती म्हणाली.

"एक तरी!"

"नको गं." ती माझ्याकडेच बघत होती. तिचा आवाज मऊ होता, इतका मऊ की मला आशा वाटली. "थाप," ती म्हणाली.

आता माझी पाळी होती. सांगणाऱ्याने कबूल करायचं असतं, आणि तेवढ्यापुरतं खोटं चालत नाही. सासरे वाट बघत होते, वकीलबाई श्वास रोखून उभी होती. मला 'खरं' म्हणायचं होतं. तो शब्द अगदी ओठांवर आणला. पण तेवढ्या वेळात माझ्या मनात काय चाललं होतं, ते माझं मलाच ऐकू येत होतं. चादर, पुस्तकं, थंडीचे कपडे बहिणीकडे आले, ठीक. पण तिथून त्या अरुंद जिन्याने पलंग वर कोणी चढवला? दोन बायकांच्याने ते होणं नाही. कुणीतरी उंच माणूस लागला असणार.

"थाप," मी म्हणालो.